विशेष शिक्षिका टिकवायची असेल तर: बडोद्यातील शाळांच्या विश्वस्तांना खुले पत्र

सन्माननीय विश्वस्त आणि प्राचार्य,

सप्रेम नमस्कार.

मार्च संपत आला की बडोद्यातल्या शाळांच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. गणिताला शिक्षक हवा, पीटीला हवा, आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘स्पेशल एज्युकेटर: 1’, म्हणजे अक्षमता किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीची विशेष शिक्षिका. गोत्रीची शाळा असो, मांजलपूरची असो की वासणा-भायली रोडवरची, ही शेवटची ओळ बदलत नाही. आणि बऱ्याचदा गेल्या वर्षी ज्या शाळेने ही जागा भरली, तीच शाळा यंदा पुन्हा शोधत असते. मी या शहरात बरीच वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम केलं, आधी जुन्या गावातल्या एका विशेष शाळेत आणि नंतर एका मोठ्या सीबीएसई शाळेत. हल्ली या क्षेत्रात येणाऱ्या नव्या मुलींना सरावपाठांच्या वेळी मार्गदर्शन करते. त्यामुळे जागा शोधणाऱ्या आणि जागा सोडणाऱ्या, दोघींचे फोन मला येतात.

तुमच्या बैठकांत या विषयावर काय बोललं जातं ते मला माहीत आहे, कारण अशा काही बैठकांना मी बसले आहे. “या लाइनमध्ये मुली टिकतच नाहीत.” “लग्न झालं की जातात.” “मुलं फार कठीण असतात हो, माणूस दमून जातं.” यातलं शेवटचं वाक्य सहानुभूतीने म्हटलं जातं आणि तेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. त्यात दोष मुलांच्या माथी जातो, शाळा मोकळी. सोडून गेलेल्या ज्या मुलींशी माझं बोलणं झालं, त्यांतल्या फारच थोड्यांनी मुलांचं कारण दिलं. मुलाने चावा घेतला, केस ओढले, डब्यातली खिचडी अंगावर सांडली, हे त्या हसत सांगतात. मग विषय वेळापत्रकावर येतो आणि त्यांचा आवाज चढतो.

तुमच्या शाळेतल्या विशेष शिक्षिकेचं वेळापत्रक एकदा मागवून बघा. बहुतेक ठिकाणी ते नसतंच. बाकी सगळ्यांचे तास भिंतीवर लावलेले असतात. तिच्या नावापुढे फक्त ‘रिसोर्स रूम’, म्हणजे ही मुलं वर्गातून येऊन तिच्याकडे शिकतात ती खोली. ज्याला ठरलेले तास नाहीत तो रिकामा, असा शाळेचा अलिखित नियम आहे. सकाळी कोणी रजेवर असलं की निरोप येतो, “बेन, तुम्ही फ्रीच आहात ना? सातवी-ब मध्ये प्रॉक्सी घ्या.” त्या वेळेला तिच्याकडे तिसरीतली एक मुलगी येणार असते. अक्षरांचा आवाज जुळवायला ती नुकती कुठे शिकू लागलेली. ती मुलगी रिसोर्स रूमच्या दाराशी येते, कुलूप बघते आणि परत वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसते. असं आठवड्यातून दोनदा झालं की महिनाभराचं काम धुऊन निघतं, कारण या मुलांना तेच तेच, रोज, थोडं थोडं लागतं. सातवी-ब चा तास मात्र शांतपणे पार पडतो. संध्याकाळी प्राचार्यांच्या नोंदीत सगळं सुरळीत असतं.

प्रॉक्सीनंतर येतं बाकीचं सगळं. प्रवेशाच्या दिवसांत पालकांना शाळा दाखवणं. बसच्या रांगेवर उभं राहणं. वार्षिक संमेलनात ‘आपल्या स्पेशल मुलांचा’ एक नाच बसवणं, त्याचे फोटो पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात येतात. तपासणीच्या आधी फायली पुऱ्या करणं. सीबीएसईच्या 2018 च्या संलग्नता नियमांत विशेष शिक्षक असणं आवश्यक आहे, आणि आपल्या अनेक शाळांत या पदाची खरी गरज त्या एका तपासणीच्या दिवशीच भासते. स्पष्ट लिहिते, राग मानू नका: पगार तुम्ही तिला तिच्या सीआरआर नंबरसाठी देता. भारतीय पुनर्वसन परिषदेचा तो नोंदणी क्रमांक फाइलला लागला की तुमचं काम झालेलं असतं. तिचं तिथून सुरू होतं.

आणि ते काम एकटीने, बालवाडीपासून बारावीपर्यंत. विशेष शिक्षणाची पदवी घेताना प्रत्येकीला एक शाखा निवडावी लागते: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, ऑटिझम. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणात तयार झालेली मुलगी तुमच्याकडे आली की तिच्यापुढे एक ऑटिझमचा मुलगा, चार डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखन अवघड जाणारी मुलं आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी) असलेली एक मुलगी बसवली जाते. ती शिकून घेतेच. या मुली चिवट असतात. पण शिकायला कार्यशाळेला जायचं म्हटलं, तर ती तिची वैयक्तिक किरकोळ रजा धरतात. नोंदणीचं नूतनीकरण अशा प्रशिक्षणांच्या गुणांवर अवलंबून असतं, आणि ती नोंदणी तुम्हालाच हवी असते, तरीही.

आता जरा आपल्या गावाबद्दल, कारण बाहेरचा कोणी सल्लागार तुम्हाला हे सांगणार नाही.

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या मराठी घरातलं मूल घ्या. घरी मराठी, गल्लीत आणि रिक्षात गुजराती, शाळेत इंग्रजी, पुढे हिंदी. 2023 च्या कायद्यानंतर गुजरातमधल्या प्रत्येक शाळेत पहिली ते आठवी गुजराती शिकवणं बंधनकारक आहे, म्हणजे वाचन नीट बसायच्या आतच तीन लिपी. देवनागरीला शिरोरेषा आहे, गुजरातीला नाही. गुजराती र आणि गुजराती दोनचा आकडा दिसायला एकच. प आणि पाचाचा आकडा जवळजवळ तसेच. त्यात इंग्रजीतले बी आणि डी आरशात पाहिल्यासारखे उलटे. साध्या मुलाला हे सगळं वर्षभरात पचतं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचा यात चेंदामेंदा होतो. आणि ज्या मुलाला काहीही अक्षमता नाही, फक्त इंग्रजी नवी आहे, त्याच्याही वहीत तशाच चुका दिसतात.

या दोघांना वेगळं ओळखणं हे विशेष शिक्षिकेचं कसब. नुसती इंग्रजीची चाचणी घेऊन ते होत नाही. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत विचारावं लागतं: ‘कपाट’ मधला क काढला तर काय उरतं? चटकन ‘पाट’ म्हणणाऱ्या मुलाचा कान तयार आहे, त्याला बहुधा इंग्रजी सवयीची व्हायला वेळ लागतोय. जो आठव्या वर्षीही गोंधळून तुमच्या तोंडाकडे बघत राहतो, त्याची नीट तपासणी करायला हवी. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेची प्राथमिक चाचपणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनी करावी असं आहे, ते याचसाठी. आता विचार करा, मराठी, गुजराती आणि इंग्रजी तिन्हींत कान लावून ऐकू शकणारी शिक्षिका तुम्हाला कुठे मिळणार? ती तयार झालेली मिळत नाही. इथल्या मुलांबरोबर दोन-तीन वर्षं बसून ती होते. आणि आपल्याकडे ती बरोबर दोन-तीन वर्षांनी जाते. नवी येते ती पुन्हा इंग्रजी चाचणीचा कागद काढून सुरुवात करते. मधल्या काळात एखादा मुलगा ‘आळशी’ ठरून सहावीत पोचतो, दुसऱ्याच्या कपाळावर नसलेली अक्षमता चिकटते. दोघांच्याही आया माझ्यासमोर रडलेल्या आहेत.

ती जाते तेव्हा नक्की काय जातं हे एकदा समजून घ्या. तुम्ही म्हणाल, प्रत्येक मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरती शिक्षणाची योजना आहे, फाइल आहे. आहे. त्यात लिहिलेलं असतं, ‘तीन महिन्यांत दोन अंकी बेरीज करील’. घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी सांगितलं तर एखादा मुलगा कान झाकून टेबलाखाली जात नाही, हे त्यात नसतं. त्याला जिन्यावरून डावीकडूनच उतरायचं असतं, हेही नसतं. कुठल्या आईला दुपारी फोन करायचा नाही कारण आजी शेजारी बसलेली असते आणि आजीला अजून काही सांगितलेलं नाही, हे कोण लिहून ठेवणार? बोलू न शकणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर ती शिक्षिकाच त्याची दुभाषी असते. ती अचानक एप्रिलमध्ये येईनाशी झाली की मूल चिडतं, मारतं, खाणं सोडतं. मग वर्गशिक्षिका तक्रार करते, तुम्ही पालकांना बोलावता आणि म्हणता, “शॅडो टीचर ठेवा, नाहीतर आम्हाला सांभाळता येणार नाही.” शॅडो टीचर म्हणजे वर्गात त्या एका मुलाशेजारी बसणारी मदतनीस, आणि तिचा पगार पालकांच्या खिशातून. म्हणजे तुम्ही एक माणूस टिकवला नाही त्याची किंमत मुलाच्या बापाने भरायची.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्याकडे वकील आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या अक्षमता आहेत आणि सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी आहे. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न ऐरणीवर आणला: बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, अध्ययन अक्षमता यांसाठी 5 मुलांमागे एक, सेरेब्रल पाल्सीसाठी 8 मागे एक, एकाहून अधिक अक्षमता असतील तर 2 मागे एक. पुढे 2022 साली केंद्राने सैल प्रमाण ठरवलं: पहिली ते पाचवीत 10 मुलांमागे एक, सहावी ते आठवीत 15 मागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्यांना छाननी करून कायम करण्याची वाट दाखवली. काही राज्यांत लोक वीस-वीस वर्षं कंत्राटावर होते. ही पदं सरकारी आहेत, आपल्याला लागू नाही, असं तुम्हाला कोणी सांगेल. असेल. पण 10 मागे एक हे सैल प्रमाण जरी धरलं, तरी तुमच्या शाळेत किती जणी हव्यात याचा हिशोब तुम्ही कधी केला आहे? आपल्या गावाने शिक्षण सक्तीचं करण्याचा प्रयोग 1893 साली अमरेलीत सुरू केला आणि 1906 साली तो संस्थानभर नेला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला सयाजीराव महाराज दंड करत. आज बाप मूल घेऊन दारात उभा आहे, आणि आत त्याला शिकवणारं माणूस दरवर्षी बदलतंय.

पगाराचं बोलायला हवं, पण लांबवत नाही. त्याच शाळेत, त्याच पात्रतेच्या विषय-शिक्षिकेपेक्षा तिला कमी मिळतं. अनेक ठिकाणी अकरा महिन्यांचं नेमणुकीचं पत्र, मेमध्ये पगार नाही, जूनमध्ये नवीन पत्र. ‘हे तर सेवेचं काम’ असं म्हणून हे झाकू नका. फी नियमन समिती फी वाढवू देत नाही, हे तुमचं उत्तर मला माहीत आहे, आणि 2017 च्या त्या कायद्याने शाळांचे हात काही प्रमाणात बांधले आहेत हे खरंही आहे. पण ज्या वर्षी फी वाढली नाही त्या वर्षीही कुठे कुठे नवे स्मार्ट बोर्ड बसले. असो.

खरं सांगायचं तर पगारावर सोडून गेलेल्या मुलींपेक्षा एकटेपणाने सोडून गेलेल्या मला जास्त माहीत आहेत. विज्ञानाच्या शिक्षिकेला शेजारी बसणारी दुसरी विज्ञानाची शिक्षिका असते. ‘अरे, माझ्या वर्गालाही हे जमलं नाही’ असं म्हणणारं कोणी असतं. विशेष शिक्षिकेला तुमच्या शाळेत असं कोणीच नाही. तिचं मूल्यमापन जो करतो त्याला तिचं काम कळत नाही. वर्षअखेरीच्या तक्त्यात विचारतात, ‘किती टक्के विद्यार्थी उत्तीर्ण?’ एक मुलगा वर्षभरात स्वतःहून ‘पाणी’ म्हणायला शिकला, हे त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं? ती ते घरी सांगते, आईला. शाळेत सांगितलं तर “व्हेरी गुड” म्हणतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या बॉनी बिलिंग्सली यांनी विशेष शिक्षक का राहतात आणि का जातात यावरच्या संशोधनाचा 2004 साली आढावा घेतला. तिथला कायदा वेगळा, पैसा वेगळा, शाळा वेगळ्या. तरी कारणं वाचताना मला वाटलं आपल्या अलकापुरीतलीच कोणीतरी बोलते आहे: प्राचार्यांचा पाठिंबा, कामाची धूसर मर्यादा, कागदपत्रांचं ओझं, सुरुवातीच्या वर्षांत हात धरायला कोणी नसणं. समाधान आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझं स्वतःचं मत त्यातून पक्कं झालं. समाधान मुलं देतात, आणि भरभरून देतात. शिक्षकदिनाला भेटवस्तू देऊन तुम्ही ज्या गोष्टीची भर घालू पाहता ती तिच्याकडे आधीच आहे. तिला नको असतो तो रोजचा पाणउतारा, तोही कोणाच्या लक्षात न येणारा. पूर्ण समाधानी असलेली शिक्षिका राजीनामा देते ती अशी. तुम्हाला आश्चर्य वाटतं, “पण ती तर इतकी खूश होती!”

आता मागण्या. पैशाच्या नाहीत अशाच आधी सांगते, म्हणजे तुम्हाला नाही म्हणायला कारण उरणार नाही.

तिचं वेळापत्रक बाकीच्यांच्या वेळापत्रकाबरोबर भिंतीवर लावा, प्रत्येक तासापुढे कुठलं मूल हे लिहून. लावल्यावर तिला प्रॉक्सीला पाठवायचं नाही. अगदी अडलंच तर प्राचार्यांनी सही करून, आणि तो तास कोणत्या मुलाचा बुडाला त्याचं नाव नोंदवहीत लिहून. माझी खात्री आहे, नाव लिहावं लागलं की निम्म्या प्रॉक्सी आपोआप बंद होतील. रोज एक तास मुलांशिवायचा द्या. आयईपी लिहायचा, वर्गशिक्षिकांशी बोलायचं, पालकांना फोन करायचा तो या तासात, घरी रात्री दहा वाजता नाही. दहावीच्या वर्षात तर हा तास दुप्पट लागतो. लेखनिकाची व्यवस्था, तीन तासांच्या पेपरला एक तास जादा वेळ, भाषेची सूट, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), सरकारी रुग्णालयातलं प्रमाणपत्र, हे सगळं तिच्याच अंगावर असतं, आणि एक कागद उशिरा आला तर मुलाचं वर्ष हातचं जातं.

नव्या मुलीला पहिलं वर्ष एकटी सोडू नका. बडोद्यातल्या चार-पाच शाळांनी एकत्र यावं, महिन्यातून एका शनिवारी आपल्या विशेष शिक्षिकांना एका शाळेत बसू द्यावं. अजेंडा नको, पाहुणे नको, बुके तर अजिबात नको. आपापल्या कठीण मुलांबद्दल त्या बोलतील, एवढंच. स्पर्धक शाळा आपले शिक्षक पळवतील ही तुमची भीती मी ऐकली आहे. आत्ताही त्या जातच आहेत, आणि बहुतेक जणी दुसऱ्या शाळेत न जाता घरी बसतात किंवा खासगी शिकवण्या घेतात. ते जास्त वाईट.

जी जाणारच आहे तिला शेवटचे पंधरा दिवस नव्या शिक्षिकेबरोबर एकाच खोलीत काम करू द्या. दोघींचे पगार पंधरा दिवस द्यावे लागतील. ही पहिली पैशाची मागणी. दुसरी, बारा महिन्यांचं पत्र. तिसरी, प्रशिक्षणाचे दिवस ऑन ड्यूटी. आणि चौथी, ज्या शाळेत एकीच्या वाट्याला पंधराहून जास्त मुलं येतात, तिथे दुसरी नेमणूक, अर्धवेळ का होईना. हे सगळं एकाच वर्षी होणार नाही, मला कळतं. वेळापत्रक आणि बारा महिन्यांचं पत्र एवढं या वर्षी करा.

वर्गशिक्षकांनाही एक सांगायचं आहे, तुमच्यामार्फत. मूल तुमच्या वर्गातलं आहे, रिसोर्स रूमचं नाही. तासाला त्याने गोंधळ केला की “घेऊन जा तुमच्या मुलाला” असा निरोप पाठवू नका. हे वाक्य मी इतक्या शाळांत ऐकलं आहे की आता मला कोणी ते म्हणेल याचा अंदाज चेहरा बघूनच येतो. विश्वस्तांनी हे थांबवायचं म्हटलं तर थांबतं; विशेष शिक्षिकेने म्हटलं तर ती भांडखोर ठरते.

व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि तुमच्याकडे जी आज काम करते आहे तिला त्या बैठकीला बोलवा, विषय संपेपर्यंत बसवून घ्या. वेळापत्रक कसं आखायचं यात अडचण आली तर मी शाळेत येऊन तुमच्या समन्वयकाबरोबर बसेन. मानधन नको. फक्त त्या वेळी तुमची विशेष शिक्षिका खोलीत असावी आणि तिला प्रॉक्सीला पाठवलेलं नसावं.

आपली नम्र,
एक विशेष शिक्षिका, बडोदे